नवमीचा फोन

वर्षातून एकदा आमच्या घरी एक फोन येतो आणि पलीकडचा माणूस बोलत नाही.

हा फोन मार्गशीर्ष वद्य नवमीला येतो. ती माझ्या थोरल्या भावाची, दादाची जन्मतिथी. तारखेने वाढदिवस करायची पद्धत आमच्याकडे कधी नव्हतीच. दादाला घर सोडून अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, त्याचा विषय एकदाही आपणहून काढलेला नाही. पण नवमीला ते सकाळी लवकर आंघोळ उरकतात, धुतलेला सदरा घालतात आणि पंचांग मांडीवर घेऊन फोनशेजारच्या खुर्चीत बसतात. फोन वाजला की दोनतीनदा वाजू देतात. मग उचलतात, पलीकडे कोणीतरी श्वास घेतंय तेवढं ऐकतात, आणि घसा खाकरून वाचायला लागतात.

"मार्गशीर्ष वद्य नवमी. वार गुरुवार. नक्षत्र हस्त. योग सौभाग्य. करण तैतिल. सूर्योदय सात वाजून दोन मिनिटं."

एवढं झालं की दोघंही गप्प. मग पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज येतो. अण्णा म्हणतात, "ठेवला," आणि मी चहा टाकते. झाला आमचा वाढदिवस!

मला विचाराल तर दोघांच्याही पाठीत एकेक धपाटा घालावा असं मला अकरा वर्षं वाटतंय. पण एक माझ्या हाताला लागत नाही आणि दुसरा चौऱ्याऐंशी वर्षांचा आहे.

मी दातांच्या कवळ्या बनवते. डॉक्टर माप पाठवतात, मी त्यावर मेण चढवून दात बसवते, मग साचा करून पक्की कवळी काढते आणि घासूनपुसून देते. आमची पुढची खोली म्हणजेच माझा कारखाना. या भागातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू माझ्या टेबलावरून गेलेलं आहे. अण्णांची कवळीही मीच केलेली. ती केली तेव्हा पहिल्यांदा तोंडात घालायला त्यांनी मला चार दिवस थांबवलं होतं, कारण मधले दिवस बरे नव्हते. चार दिवस माणूस पेज पिऊन राहिला, पण पंचांगाबाहेर गेला नाही.

आमच्या घरात सगळंच असं चालायचं. नवा पंखा तीन दिवस खोक्यात पडून राहायचा आणि आम्ही त्याच्यासमोर घाम पुसत बसायचो. केस कधी कापायचे, गादी कधी उसवायची, शाळेत नाव कोणत्या दिवशी घालायचं, सगळं त्या पुस्तकात. माझ्या लग्नाचे तर तीनदा मुहूर्त निघाले, नवरा मात्र एकदाही निघाला नाही. अण्णा शाळेत प्रयोगशाळा सांभाळायचे. तिथे जसं थेंबाथेंबाने मोजायचे, तसंच घरी मिनिटामिनिटाने. आम्हा दोघा भावंडांना त्यांनी लहानपणीच पंचांग वाचायला शिकवलं. मी जांभया देत शिकले. दादा मन लावून शिकला. अण्णा पुन्हापुन्हा सांगायचे, "आपण जिथे राहतो तिथला सूर्योदय धरायचा. दुसऱ्याच्या गावचं पंचांग आपल्या कामाचं नाही." आणि ओळीखाली लाकडी पट्टी धरायला लावायचे, नजर घसरू नये म्हणून.

दादा गेला तो दिवस त्या पट्टीमुळेच बिघडला. पट्टीमुळे म्हणजे, पट्टी न धरल्यामुळे.

त्याला लांबच्या एका बंदरात क्रेन चालवायची नोकरी लागली होती. दुसऱ्या दिवशी हजर व्हायचं होतं, आणि बस सकाळी साडेदहाची. आई आधीच गेलेली, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. अण्णांनी पंचांग उघडलं आणि त्यांचा चेहरा उतरला. अमावास्या अकरा छत्तीसपर्यंत होती. "पावणेबारानंतर नीघ, नाहीतर उद्या जा," ते म्हणाले. दादा म्हणाला, "बस माझ्यासाठी थांबणार नाही, अण्णा." शब्दाला शब्द लागत गेला. शेवटी अण्णा म्हणाले, "अमावास्येला उंबरा ओलांडलास तर परत येऊ नकोस."

दादा उलटून बोलला नाही. बॅग पायाशी घेऊन तो पुढच्या खोलीतल्या स्टुलावर बसला. किती तरी वेळ बसला होता. मला वाटलं, विरघळला. मी त्याला दोनदा पाणी दिलं. साडेनऊच्या सुमाराला तो उठला, अण्णांच्या खोलीच्या बंद दाराकडे बघून नमस्कार केला आणि गेला.

तीन दिवसांनी अण्णांनी मला हाक मारली. पंचांग उघडं होतं आणि ओळीखाली पट्टी. त्यांनी एका वेळेवर बोट ठेवलं. अमावास्या सकाळी नऊ चौदालाच संपली होती. अकरा छत्तीस ही आदल्या दिवशीची, चतुर्दशीची वेळ. रागाच्या भरात पट्टी न धरता वाचलं आणि नजर एक ओळ वर गेली. समासात त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'वाचनात चूक. माझी.'

"त्याला सांगायला हवं," अण्णा म्हणाले.

कुठे सांगणार? पत्ता नाही, नंबर नाही. बंदराच्या ऑफिसात मी चौकशी केली तर तो तिथून महिन्याभरात दुसरीकडे गेलेला. मग दहा महिन्यांनी नवमीला पहिला फोन आला, आणि अण्णांच्या तोंडून ते वाक्य काही निघालं नाही. पंचांग वाचून मोकळे झाले. तेव्हापासून दरवर्षी मी म्हणते, "अण्णा, यंदा सांगा हं." ते म्हणतात, "यंदा सांगतो." एकच तर वाक्य. तू निघालास तेव्हा अमावास्या संपली होती. तेवढं त्यांच्या घशाबाहेर येत नाही. नंबर दिसणारा फोन मी एकदा आणलाही होता. अण्णांनी तो परत करायला लावला. "त्याला नंबर द्यायचा असता तर त्याने दिला असता," म्हणाले. अशा माणसापुढे डोकं फोडून घ्यावं तर आपलंच फुटतं.

गेल्या नवमीला माझ्या एक गोष्ट लक्षात आली. अण्णा फोनवर घडाघडा वाचत होते, पण मांडीवरचं पंचांग श्रावणाच्या पानावर उघडं होतं. पहाटे मी वाचून दाखवलेलं ते पाठ म्हणत होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. ऑपरेशनला चार वर्षं त्यांना चांगला दिवस सापडत नव्हता. मी तेव्हाच ठरवलं, आता दिवस मी काढणार.

पण यंदा नवमीनेच घोळ घातला. सूर्य उगवताना जी तिथी चालू असते ती त्या दिवसाची, एवढा साधा नियम. यंदा ही नवमी सोमवारी सूर्य उगवल्यावर, सात सव्वीसला लागत होती आणि मंगळवारी सूर्य उगवायच्या आत, सहा एकवीसला संपत होती. तिच्या वाट्याला एकही सूर्योदय नाही. अशी तिथी क्षयाची. पंचांगाच्या रकान्यात सोमवारी अष्टमी, मंगळवारी एकदम दशमी.

"दादाचा वाढदिवस या वर्षी गाळला म्हणायचा," मी चेष्टेने म्हटलं.

अण्णांना ती चेष्टा लागली. "गाळलेला नाही. सोमवारच्या पोटात आहे. तो सोमवारीच फोन करेल."

म्हणून मी मंगळवारची ऑपरेशनची वेळ घेतली. डोळ्यांचा दवाखाना आमच्या घरापासून पाच मिनिटांवर. अण्णांनी कुरकुर केली, पण दशमीला नाव ठेवायला त्यांना काही सापडलं नाही.

सोमवारी ते सात सव्वीसपासून फोनजवळ बसले. मी मधल्या दारातून बघत होते आणि एका कवळीचे पुढचे दात लावत होते. दहा वाजले, अकरा वाजले. जेवायला उठा म्हटलं तर ताट तिथेच मागवलं. दुपारी फोन वाजला आणि त्यांनी तो इतक्या घाईने उचलला की रिसीव्हर खाली पडला. दातांच्या डॉक्टरांचा फोन होता, एका बाईंची कवळी कधी मिळेल म्हणून. मी इतकी तडकून बोलले की त्यांनी माझी तब्येत विचारली. संध्याकाळी दिवा लावला तरी अण्णा तिथेच होते.

"क्षयात गेली म्हणून विसरला असेल," मी म्हटलं.

"तो तिथी विसरणारा नाही." पंचांग मिटून ते म्हणाले, "त्याला काही झालं असेल गं."

मला पहिल्यांदा भीती वाटली. अकरा वर्षं मी त्या मुक्या फोनला नावं ठेवली. तो आला नाही तेव्हा कळलं की आमच्या घरात दादा जिवंत असल्याचा तेवढाच पुरावा होता.

मंगळवारी सकाळी मी अण्णांना दवाखान्यात नेलं. त्यांनी सदरा कालचाच घातला होता. नर्सबाईंनी त्यांच्या डोळ्यात थेंब घातले आणि म्हणाल्या, तासभर तरी लागेल. पाचच मिनिटांत अण्णांनी माझी बाही ओढली. "पंचांग राहिलं."

"अण्णा, तुम्हाला दिसत नाही, आणि आता तर थेंब घातलेत!"

"वाचायला नको. जवळ असू दे. मी आत जाताना वर्ज्य काळ नाही ना, तेवढं तू बघ."

मी तोंडातल्या तोंडात जे काही म्हणायचं ते म्हणत घरी आले. कुलूप काढलं, फोनशेजारच्या खुर्चीतून पंचांग उचललं, आणि फोन वाजला.

मला वाटलं, पुन्हा दातांचे डॉक्टर. उचलून "हां, बोला" म्हटलं. पलीकडे कोणी बोलेना. कोणीतरी श्वास घेत होतं, आणि मागे कुठेतरी लोखंडावर लोखंड आपटत होतं.

मी अण्णांच्या खुर्चीत बसले. बोलायचं काय? मी काही बोलले तर ठेवून देईल, असं वाटलं. मग त्याला ओळखीचं तेच करावं म्हणून पंचांग उघडलं. ओळीखाली बोट धरलं.

"मार्गशीर्ष वद्य दशमी," मी वाचलं. माझा आवाज मलाच परका वाटत होता. "वार मंगळवार. नक्षत्र चित्रा. योग..."

"नवमी," पलीकडून आवाज आला.

माझं बोट ओळीवरून घसरलं.

"आज नवमी आहे, ठमे. दशमी नाही." आणि लगेच, घाईघाईने, "तू का वाचतेयस? अण्णा कुठे आहेत?"

मला ठमी म्हणणारा जगात एकच माणूस उरला आहे. मला बोलता येईना. तोच घाबरला. "अण्णा आहेत ना? ठमे, बोल ना!"

"आहेत, आहेत," मी म्हटलं. "दवाखान्यात आहेत. मोतीबिंदू काढतायत. काल दिवसभर तुझ्या फोनसाठी बसले होते, मेल्या!"

"काल कशाला? काल अष्टमी होती."

अकरा वर्षांनी भाऊ बोलला आणि आम्ही तिथीवरून भांडत होतो. मी रडत होते आणि भांडतही होते. मग एकदम आठवलं की तो कधीही ठेवेल. एवढी वर्षं अडकलेलं वाक्य माझ्याजवळ होतं. ते अण्णांनी म्हणायचं होतं, पण म्हणून गप्प राहण्याएवढी मी शहाणी नाही.

"दादा, ऐक. तू निघालास तेव्हा अमावास्या संपली होती. नऊ चौदाला. अण्णांनी चुकून वरची ओळ वाचली. त्यांना तिसऱ्या दिवशीच कळलं. दरवर्षी तुला सांगायचं म्हणून बसतात, आणि पंचांगच वाचतात."

"मला माहीत होतं," दादा म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"नऊ चौदा. अण्णा आत गेल्यावर मी पाहिलं ना. म्हणून तर स्टुलावर बसून राहिलो. एरवी नऊलाच निघालो असतो. म्हटलं, अमावास्या संपू दे, मग निघू. उगाच म्हाताऱ्याच्या जिवाला घोर नको."

मी त्याला दोनदा पाणी दिलं होतं. मला वाटलं होतं, विरघळला.

"मग सांगितलं का नाहीस तेव्हाच?"

"काय सांगू? त्यांना दिसत नाही म्हणून? पट्टी घेऊनसुद्धा ते ओळी चुकायला लागले होते, तुला कळलं नव्हतं. मला कळलं होतं. त्यांना तोंडावर तसं सांगणं मला जमलं नाही."

"आणि अकरा वर्षं नुसता फोन करत राहिलास?"

"ये म्हणतील म्हणून करत होतो. ते करण तैतिल म्हणायचे." तो हसला की काय केलं, मला नीट कळलं नाही.

"मी म्हणते ये. आत्ता ये."

"तू नाही गं. त्यांनी म्हणायला हवं. त्यांना दिवस काढून ठेवायला सांग. त्यांनी काढलेल्या दिवशीच येतो, एक मिनिट इकडेतिकडे करणार नाही." मागे कारखान्याचा भोंगा वाजला. "चल, हाक आली मला. पुढच्या नवमीला विचारतो."

आणि ठेवला. नंबर विचारायचा, गाव विचारायचं, जेवतोस कुठे, लग्न केलंस का, काही काही विचारायचं मला सुचलं नाही. पन्नाशीची बाई मी, लोकांचे जबडे मापते, आणि वेळेला माझंच तोंड चाललं नाही. मी रिसीव्हर कानाला धरून किती तरी वेळ बसले होते.

दवाखान्यात पोचले तेव्हा अण्णांचं ऑपरेशन होऊनसुद्धा गेलं होतं. कॉटवर उताणे पडले होते, एका डोळ्यावर पट्टी, दुसरा अजून तसाच धुरकट. मी शेजारी स्टुलावर बसून सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही.

सगळं ऐकून त्यांनी पहिलं विचारलं ते हे, "तो नवमी म्हणाला? नक्की?"

"नक्की."

त्यांची बोटं पांघरुणावर हलायला लागली. "नवमी सहा एकवीसला संपली. आपला सूर्योदय सात दोन. म्हणजे त्याच्याकडे सूर्य निदान एक्केचाळीस मिनिटं आधी उगवतो. पूर्वेला आहे तो, धाकटे. चांगलाच पूर्वेला." मग हळूच म्हणाले, "तिथला सूर्योदय धरतो. सांगितलं होतं तसं."

"हो, अण्णा."

"आणि नऊ चौदाची वाट बघत बसला होता?"

"स्टुलावर. बॅग पायाशी घेऊन."

अण्णांचा चेहरा आक्रसला. नर्सबाई धावत आल्या. "आजोबा, रडायचं नाही हं आज, पट्टी ओली होईल." अण्णांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली, आणि पट्टी नसलेल्या डोळ्यातून पाणी वाहत राहिलं. ते मी पुसलं.

उशीवर मान सरळ करून त्यांनी विचारलं, "पुढच्या नवमीला विचारतो म्हणाला?"

"हो."

ते पुन्हा बोटांवर मोजत होते. मी ओळखलं काय मोजतायत ते, कारण तेच मी येताना रस्ताभर मोजलं होतं. पुढच्या वर्षी अधिक महिना. दोन ज्येष्ठ. नवमी बारा महिन्यांनी नाही, तेरा महिन्यांनी येणार.

"तीनशे चौऱ्याऐंशी दिवस," अण्णा म्हणाले. मग जन्मभर मिनिट इकडचं तिकडे होऊ न देणारा तो माणूस माझ्याकडे मान वळवून म्हणाला, "तो अधिक महिना नाही धरला तर चालणार नाही का गं?"

मी त्यांचं पांघरूण सारखं केलं. "तो मधेच फोन करेल, अण्णा," मी म्हटलं. "आता बोललाय ना एकदा. कदाचित उद्यासुद्धा करेल. आपण दिवस काढून ठेवू."

"काढू. वाच."

मी पंचांग उघडलं. आजच्या ओळीखाली बोट ठेवलं आणि तिथून पुढे निघाले. "उद्या. एकादशी."

"चालेल."

"द्वादशी. इथे वर्ज्य लिहिलंय, दुपारी."

"चालेल."

"त्रयोदशी." "चालेल." "चतुर्दशी, भद्रा आहे." "चालेल गं." मी माझ्या आयुष्यात त्यांच्या तोंडून सलग चार दिवसांना होकार ऐकला नव्हता. पाचव्या ओळीवर माझं बोट थांबलं. वाचू की पुढे जाऊ, कळेना.

"काय आहे?" त्यांनी विचारलं, आणि मग त्यांनाच उमगलं. "अमावास्या ना? किती वाजेपर्यंत?"

"दुपारी दोन वीस."

अण्णांनी चाचपडत माझा हात शोधला आणि त्या ओळीवर घट्ट दाबून धरला.

"त्याला म्हणावं, संपायची वाट बघू नकोस. नीघ."